मांडवा कोठे आहे? : स्थानिक समीक्षकाच्या अधिकाराविषयी

मराठीतील नाट्य-चित्रपट समीक्षेचा विचार करताना जिल्हापत्रांतून येणाऱ्या परीक्षणांची दखल सहसा घेतली जात नाही. ही समीक्षा दोनच रूपांत आढळते, असा एक समज त्यामागे असावा. एक रूप स्वागतपर वृत्तान्ताचे : आपल्या भागात चित्रीकरण झाले, आपल्या गावचा मुलगा पडद्यावर दिसला, प्रयोगाला गर्दी लोटली. दुसरे रूप तक्रारीचे : आमचा गाव असा नाही, आमची माणसे असे बोलत नाहीत. समज अगदीच निराधार नाही. परंतु या दोहोंच्या पलीकडे स्थानिक समीक्षकाला काही विशेष अधिकार आहे काय, आणि असल्यास तो कशाच्या बळावर, हा प्रश्न समीक्षाव्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रायगडच्या किनाऱ्याच्या संदर्भात तो तपासण्यास एक सोयीचे उदाहरण उपलब्ध आहे, ते म्हणजे मांडवा.

अलिबाग तालुक्यातील हे गाव भारतभर माहीत झाले ते मुकुल आनंद यांच्या ‘अग्निपथ’ (१९९०) या हिंदी चित्रपटामुळे. गावातील सत्शील शिक्षक दीनानाथ चौहान याच्यावर किटाळ रचले जाते, गावकऱ्यांचा जमाव त्याच्यावर उलटतो आणि त्यातच त्याचा अंत होतो. मुलगा विजय आईबरोबर मुंबईस येतो, गुन्हेगारी जगात मोठा होतो, आणि हातचे गेलेले गाव परत मिळवणे हेच त्याचे जीवितकार्य ठरते. करण मल्होत्रा यांनी २०१२ मध्ये याच कथेची नवी आवृत्ती केली. तिच्यातील मांडवा दीवच्या किनाऱ्यावर उभारण्यात आले होते. मांडव्यासाठी मांडव्याची गरजच उरली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अलिबागच्या प्रेक्षकाच्या मनात या चित्रपटाविषयी पहिली शंका येते ती अंतराची. गेटवेपासून मांडवा लाँचने तासाभराच्या अंतरावर आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सेवा सुरू झाल्यापासून तर मोटारीही बोटीतून उतरतात. मग विजयला गावी पोहोचण्यास सारे आयुष्य का लागावे? प्रश्न भाबडा वाटेल. तो तसाच सोडून दिला तर भाबडाच राहील. पण त्याचा पाठपुरावा केला तर तो थेट चित्रपटाच्या रूपबंधाशी जाऊन भिडतो. सूडकथेला हरवलेले मूळ स्थान लागते, आणि ते सहजसाध्य असून चालत नाही. येथील सागर हा मुंबईच्या बंदराचा भाग नसून पुराणकथेतला सागर आहे. मुंबईत बसून पलीकडच्या तीराकडे पाहणाऱ्या दृष्टीने तो निर्माण केला आहे. त्या दृष्टीला पलीकडचा तीर म्हणजे आठवणीतला गाव, किंवा पुढे बंगला बांधण्याची जागा. तेथे आज राहणारी माणसे या दोन्ही चित्रांत बसत नाहीत. नकाशातील चूक म्हणून जे दिसले ते चित्रपटाचे गृहीतक निघते.

माधव मनोहरांचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. मराठी नाटकांची परकीय मुळे शोधून काढण्याबद्दल त्यांचा दबदबा होता, आणि काही नाटककारांना त्यांची धास्तीही वाटत असे. मूळ संहिता आणि मराठी संहिता शेजारी शेजारी ठेवून ते दोहोंचा ताळा घेत. स्थानिक समीक्षक करतो तेही एका अर्थी हेच. त्याच्याजवळची मूळ संहिता म्हणजे गाव. दोन्ही पद्धतींचे सामर्थ्य सारखे आहे आणि धोकाही सारखा. मूळ सापडले की मूल्यमापन झाले, असे वाटू लागते. उसनवारी सिद्ध झाल्याने नाटक वाईट ठरत नाही, तसेच गाव हुबेहूब उतरल्याने चित्रपट चांगला ठरत नाही. ताळा घेतल्यानंतर जो फरक हाती येतो त्याचे कलाकृतीत कार्य कोणते, हे सांगितल्याखेरीज समीक्षा सुरूच होत नाही.

‘अग्निपथ’मधील असा सर्वांत बोलका फरक भूगोलातला नाही. तो गावकऱ्यांच्या चित्रणातला आहे. दोन्ही आवृत्त्यांतील मांडव्याची जनता म्हणजे एक जमाव आहे. सज्जनाच्या मागे जाणारा, दुर्जनाने भरीस घातले की त्याच सज्जनावर उलटणारा. तिला स्वतःची इच्छा नाही, हिशेब नाही, संघटना तर नाहीच. याच तालुक्यातील चरी येथे १९३३ ते १९३९ अशी सुमारे सहा वर्षे कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप चालविला. नारायण नागू पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ‘कृषीवल’ हे पत्र त्याच वर्षी, याच चळवळीच्या वातावरणात निघाले. उपासमार सोसून सहा वर्षे जमिनी पड ठेवणारी माणसे आणि एका संध्याकाळी शिक्षकाला ठेचणारा जमाव एकाच किनाऱ्यावरची आहेत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला चित्रपटाची राजकीय भूमिका निराळी दिसेल. सामूहिक कृतीची शक्यता कथेतून वगळल्यावरच एकट्या नायकाचा सूड अटळ ठरतो. २०१२ च्या आवृत्तीत मीठही आहे. उरण-पेणच्या मिठागरांत ज्यांच्या पिढ्या राबल्या त्यांना त्याचे वैषम्य वाटले तर नवल नाही. कारण तेथे मीठ हे सात्त्विकतेचे चिन्ह आहे, श्रमाचे नाही. अशी मांडणी करण्यास चरीचा इतिहास अंगवळणी पडलेला असावा लागतो. मुंबईच्या समीक्षकाला तो वाचून मिळवता येईल, नाही असे नाही. पण चित्रपट पाहताना तो आपणहून त्याच्या मनात जागा होणार नाही.

बोलीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये अमिताभ बच्चन यांनी खर्जातला घोगरा आवाज लावला आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. मात्र त्या आवाजात मांडव्याचा एकही स्वर नाही, याकडे चर्चेत लक्ष गेले नाही. मराठी चव्हाणाचा चौहान झाला आहे, तो का, हेही कोणी विचारले नाही. (२०१२ च्या आवृत्तीतील ‘मास्टर दीनानाथ’ हे नाव ऐकून मराठी प्रेक्षकाला आधी संगीत रंगभूमी आठवावी, हा योगायोग वेगळाच.) त्याच चित्रपटात मिथुन चक्रवर्ती यांचा नारळवाला कृष्णन अय्यर मात्र ठसठशीत दाक्षिणात्य उच्चारांत बोलतो. प्रादेशिक उच्चार दुय्यम पात्राला, विनोदासाठी, नायक प्रदेशमुक्त. ही वाटणी हिंदी चित्रपटापुरती मर्यादित असती तर तिचे फारसे दुःख नव्हते.

मराठी रंगभूमीवर कोकणाचा आवाज म्हणजे मालवणी, हे समीकरण गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने (१९८०) आणि मच्छिंद्र कांबळींच्या प्रयोगांनी दृढ केले. या नाटकाचे श्रेय मोठे आहे. गावच्या हौशी नाट्यप्रयोगाची फजिती दाखवताना ते हसण्याची सूत्रे बोली बोलणाऱ्यांच्याच हाती ठेवते, आणि म्हणून ती बोली केवळ चेष्टेचा विषय होत नाही. परंतु या यशाने उत्तर कोकणाच्या बोली आणखी मागे गेल्या. रायगड किनाऱ्यावरील आगरी आणि कोळी बोली ध्वनिमुद्रित गीतांतून आणि दूरचित्रवाणीच्या प्रहसनांतून भरपूर ऐकू येतात. गंभीर नाटकाच्या वा मालिकेच्या मध्यवर्ती पात्राच्या तोंडी क्वचितच. ‘सैराट’ने (२०१६) करमाळ्याकडची बोली प्रेमकथेच्या नायक-नायिकेला दिली आणि सबंध महाराष्ट्राने ती अडखळल्याविना ऐकली. तेव्हा प्रेक्षकाला कळणार नाही, ही सबब आता टिकत नाही. अलिबागच्या समीक्षकाने प्रहसनातील आगरी उच्चार चुकीचे आहेत असे लिहून थांबू नये. ते बिनचूक असले तरी त्या बोलीत शोक, क्रोध वा युक्तिवाद का होत नाही, हे त्याने विचारावे. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गातून तिच्याविरुद्ध जे आक्षेप आले, ते कोकणची बदनामी आणि अंधश्रद्धा या मुद्द्यांवर केंद्रित झाले. तक्रार समजण्यासारखी होती. पण भयकथा कोकणातच का घडावी लागते, या प्रश्नाला ती भिडली नाही. मुरूडच्या नवाबाच्या वाड्यात भयपट चित्रित करणाऱ्या रामसे बंधूंपासून ही परंपरा तपासता आली असती.

असे लेखन विरळ का, याची कारणे केवळ बौद्धिक नाहीत. जिल्ह्याच्या गावी परीक्षण लिहिणारा बहुधा दिवसा शाळा-महाविद्यालयात वा कचेरीत असतो. ज्या हौशी नटाबद्दल तो लिहितो तो दुसऱ्या दिवशी बाजारात भेटतो. निर्भीडपणा ही शहरी समीक्षेत सवय असू शकते. येथे प्रत्येक वेळी तिची किंमत मोजावी लागते, आणि म्हणून वृत्तान्ताचा आश्रय घेतला जातो. शिवाय व्यावसायिक नाटक येथे दौऱ्यावर येते. तोवर मुंबईत त्याविषयीचे मत ठरून गेलेले असते. जून २०२२ मध्ये अलिबागचे पीएनपी नाट्यगृह आगीत जळाले, तेव्हा दौऱ्यावरची नाटके उतरण्याची हक्काची जागाही गेली. नाट्यगृह जाणे म्हणजे केवळ मनोरंजन थांबणे नव्हे. प्रयोगाची तुलना आधीच्या प्रयोगाशी करण्याची, एकाच नटाला निरनिराळ्या भूमिकांत पाहण्याची संधी तेथे मिळत असते, आणि समीक्षकाची स्मृती तीतूनच घडते. चित्रपट आणि मालिका पाहण्यास घरातला पडदा पुरतो. नाटकाच्या बाबतीत ती सोय नाही. हौशी मंडळी सभागृहात, देवळाच्या पटांगणात प्रयोग करतात, त्यांचे परीक्षण मुंबईच्या मोजपट्टीने करता येत नाही आणि कौतुकाच्या चार ओळींत गुंडाळणेही योग्य नाही. अशा प्रयोगात पात्रे घरच्या बोलीतून प्रमाण मराठीकडे नेमकी कोणत्या प्रसंगी वळतात, याची नोंद प्रेक्षागारात बसलेला तो एकटाच समीक्षक करू शकतो.