‘इच्छामरण’: एका संज्ञेची चिकित्सा
जुन्नर तालुक्यातील आळे येथे ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी दाखविली जाते. तेथे ‘समाधी’ म्हणजे दफनस्थान. आळंदीच्या संजीवन समाधीत मात्र त्याच शब्दात संकल्प अभिप्रेत आहे. असाध्य रुग्णांच्या संदर्भात रूढ झालेली ‘इच्छामरण’ ही संज्ञाही अशीच द्व्यर्थी होय. भीष्मांचे मरण स्वेच्छेचे होते. अरुणा शानबाग प्रकरणी (निकाल २०११) याचिका दुसऱ्याची होती, जगविण्याचा आग्रह के.ई.एम. रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा होता. स्वतः रुग्णेस इच्छा व्यक्त करणेच अशक्य होते. तेथे ‘दयामरण’ हाच शब्द यथार्थ ठरतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाच्या पूर्वलिखित इच्छापत्रास मान्यता दिली, तेव्हा ‘इच्छामरणा’स कायद्यात खरा आधार लाभला. इच्छा कोणाची, हे निश्चित झाल्याखेरीज नैतिक चर्चेत ही संज्ञा योजू नये.