पाटीवरचे ‘इंग्लंड’ कोणी तपासले?

‘वाफेचे इंजिन. हस्तनिर्मित. इंग्लंड, सुमारे १९००.’ जुन्या पितळी प्रतिकृतीखाली अशी पाटी हमखास आढळते. विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात आणि पुढे सरकतात. पण या पाटीत पुरावा कोणता आणि अंदाज कोणता, हे कुठेच लिहिलेले नसते. आमची तक्रार आहे ती एवढीच.

पहिला प्रश्न असा, की ही प्रतिकृती कोणत्या इंजिनाची? यासाठी मोजपट्टी पुरते. कडा सोडून चालक चाकाचा व्यास मोजावा आणि त्याला रुळांमधील अंतराने, म्हणजे गेजने, भागावे. प्रतिकृती लहान असो वा मोठी, प्रमाण अचूक असेल तर भागाकार बदलत नाही. आपल्याकडील ब्रॉडगेजच्या डब्ल्यूपी इंजिनाचे चाक १७०२ मिलिमीटर आणि गेज १६७६, म्हणून भागाकार १.०२ येतो. मीटरगेजच्या वायपीचा १३७२ भागिले १०००, म्हणजे १.३७. इंग्लंडच्या प्रसिद्ध ‘फ्लाइंग स्कॉट्समन’चा २०३२ भागिले १४३५, म्हणजे १.४२.

शेवटचे दोन आकडे किती जवळ आहेत पाहा! हाताने घडविलेल्या वस्तूत एवढी चूक सहज होते. म्हणून दुसरी खूण हवी. ब्रिटिश इंजिनाला पुढे दोन बाजूंना दोन बफर असतात, तर आपल्या मीटरगेजला मध्यभागी एकच जोडणी असते. दोन स्वतंत्र खुणा जुळल्या तरच निष्कर्ष काढावा.

काळाचेही तसेच. डब्ल्यूपी इंजिने प्रथम १९४७ साली अमेरिकेतून आली. तेव्हा तिच्या प्रतिकृतीवर ‘१९००’ लिहिणे अशक्यच. मात्र यातून ‘याआधीची नाही’ एवढेच कळते. ‘त्याच वर्षाची’ असे ठरत नाही.

खरा घोटाळा पुढे आहे. इंजिन कोणते हे कळले, तरी ते कोणी घडविले हे कळत नाही. स्क्रूचे आटे इंची मापाचे आहेत, म्हणून वस्तू इंग्लंडची, असे म्हणतात. पण दशमान पद्धत रुजेपर्यंत आपल्या कारखान्यांतही व्हिटवर्थचे इंची आटेच होते. हा पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो, म्हणजे निरुपयोगी ठरतो. शिवाय ‘मॉडेल इंजिनिअर’ हे इंग्रजी नियतकालिक १८९८ पासून छंदिष्टांना मार्गदर्शन करीत आले. आराखडे व ओतीव भाग विकतही मिळत. आराखडा लंडनचा, ओतीव भाग तिकडचे आणि लेथवर राबणारे हात नागपूरचे, असे घडू शकते. मग मूळ कुठले म्हणायचे?

नागपुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून हे शहर ७६२ मिलिमीटरच्या छोट्या लाइनीचे केंद्र होते. मोतीबागेत रेल्वेचा कारखाना आहे, आणि २००२ पासून नॅरोगेज संग्रहालयही. फिटर, टर्नर, ओतारी यांच्या या शहरात तपासणी न करता ‘इंग्लंड’ लिहिणे म्हणजे कदाचित इथल्याच एखाद्या कारागिराचे श्रेय पुसणे. उलट, अभिमानापोटी ‘मोतीबागेत बनले’ असे ठोकून देणेही तितकेच अशास्त्रीय.

उपाय साधा आहे. पाटीवर चार ओळी असाव्यात : कोणत्या इंजिनाची प्रतिकृती, आराखडा कोणाचा, भाग कुठले, घडविणारा कोण. प्रत्येक ओळीपुढे पुरावा लिहावा. पावती, ठोकलेली खूण किंवा घरच्यांनी जपलेले कागद, यांपैकी काही नसेल तर ‘अज्ञात’ लिहावे.

नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन २०१५ मध्ये आणि नागपूर-नागभीड २०१९ मध्ये बंद झाली. तिथे काम केलेली माणसे आज म्हातारी आहेत. सहलीला मुलांना नेताना मोजपट्टीबरोबर वहीही न्यावी, आणि एखाद्या निवृत्त फिटरकाकांना सोबत बोलवावे. ‘अज्ञात’ या ओळीचे उत्तर कदाचित त्यांच्याकडेच असेल.