पाण्यात उभी माणसे

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले की भिंतीवरच्या तसबिरी उतरवण्याचे काम माझ्याकडे येते. बाकीच्या तसबिरी मी भराभर उतरवतो. आजोबांची उतरवताना मात्र हात थबकतो. तीत फेटा दिसतो, बंद गळ्याचा कोट दिसतो, खुर्चीच्या हातावर ठेवलेला पंजा दिसतो. चेहरा तेवढा दिसत नाही. 1969 च्या सप्टेंबरात गोदावरीला महापूर आला, तेव्हा जुन्या नाशकातल्या आमच्या घरात पाणी शिरले आणि तसबीर पाण्याखाली गेली. पाणी ओसरले तो चेहऱ्याच्या जागी पिवळसर ढग उरला होता. आजोबांचा दुसरा फोटो घरात नव्हता. वडील म्हणाले, "आता ही ठेवून काय उपयोग?" आजीने ती पुसली, वाळवली आणि होती त्याच खिळ्याला पुन्हा लावली. "तुम्हांला दिसत नसतील, मला दिसतात," एवढेच ती बोलली.

आजीचे हे बोलणे मी बरीच वर्षे म्हातारपणाचा हट्ट म्हणून सोडून दिले होते. गिडियन मेंडेल ह्या छायाचित्रकाराची चित्रे पाहिल्यावर त्याचा अर्थ थोडा उलगडला. म्हणून ह्या दिवाळीत त्या चित्रांविषयीच लिहावे म्हणतो. सणाच्या दिवशी पुराची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण गोदेकाठच्या माणसाला पूर हा घरातलाच विषय आहे.

मेंडेल मूळचा दक्षिण आफ्रिकेतला, जोहान्सबर्गचा, राहतो लंडनला. 2007 साली इंग्लंडात पूर आला, तो त्याने टिपला आणि त्याच वर्षी बिहारमधल्या पुरात येऊन चित्रे काढली. दोन देशांत संपत्तीचे अंतर केवढे! पण कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिलेल्या दोन्हीकडच्या माणसांच्या डोळ्यांत त्याला एकच भाव दिसला. त्या दिवसापासून त्याने हे काम धरले ते सोडले नाही. 2010 मध्ये पाकिस्तान, 2011 मध्ये थायलंड, 2012 मध्ये नायजेरिया, 2013 मध्ये जर्मनी, 2014 मध्ये श्रीनगर, 2015 मध्ये ब्राझील. जिथे नदी घरात शिरली तिथे हा माणूस गेला. ह्या साऱ्या चित्रमालेला त्याने 'ड्राउनिंग वर्ल्ड', म्हणजे बुडते जग, असे नाव दिले आहे.

चित्रांची मांडणी अगदी साधी आहे. घरधनी, घरधनीण, कधी सारे कुटुंब आपल्या बुडालेल्या घराच्या दारात किंवा आतल्या खोलीत उभे असते. पाणी कोणाच्या छातीला, कोणाच्या गळ्याला लागलेले असते. ती माणसे ओरडत नाहीत, हात पसरत नाहीत, पळत नाहीत. ती आपल्याकडे बघतात. पाणीही स्थिर असते आणि त्यात भिंतींचे, दारांचे, कधी त्यांचेच प्रतिबिंब पडलेले असते. पहिल्या नजरेला चित्र सुंदर वाटते, आणि सुंदर वाटल्याची आपल्यालाच लाज वाटते. ह्या लाजेपासूनच ह्या चित्रांचा खरा परिणाम सुरू होतो.

आपल्याकडे पुराचे फोटो काय थोडे निघतात? नाशकात पूर आला की सगळे कॅमेरे दुतोंड्या मारुतीकडे वळतात. रामकुंडाजवळचा हा मारुती आमची पूर मोजायची काठीच आहे. पाणी कमरेला लागले, गळ्याला लागले, मारुती बुडाला, ह्या भाषेत नाशिककर पूर सांगतो. आणि नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी चढले म्हणजे महापूर झाला असे समजतो. 2008 चा सप्टेंबर, 2016 चा ऑगस्ट, 2019 चा ऑगस्ट. वर्ष बदलते, फोटो तोच राहतो. पुण्याच्या पानशेतच्या पुराचेही तसेच. 12 जुलै 1961 म्हटले की डोळ्यांपुढे पूल, पाणी आणि पडक्या भिंती येतात. ही चित्रे निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. पाणी किती चढले ते ती चोख सांगतात. पण कोणाच्या घरात चढले, हे ती सांगत नाहीत. मारुतीला पुन्हा शेंदूर लागतो आणि तो पुढच्या वर्षी पुन्हा बुडायला मोकळा होतो. भांडीबाजारातल्या दुकानदाराचे तसे नसते.

मेंडेलने ह्या चित्रांसाठी जुना रोलायफ्लेक्स कॅमेरा वापरला. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. तो कॅमेरा डोळ्याला लावावा लागत नाही. पोटाशी धरून वरून काचेत बघावे लागते. म्हणजे फोटो काढणारा समोरच्या माणसापुढे मान खाली घालून उभा राहतो. एका रोलवर चित्रे निघतात अवघी बारा. त्यामुळे उधळपट्टी चालत नाही. एकेका चित्रासाठी थांबावे लागते, आणि थांबायचे म्हणजे त्याच पाण्यात थांबायचे. पुलावरून किंवा होडीतून काढलेल्या चित्रात आणि ह्या चित्रात जो फरक पडतो तो इथे. काढणारा आणि काढून घेणारा एकाच पाण्यात उभे असतात.

संकटातल्या माणसाचे चित्र काढण्याचा इतिहास पाहिला तर ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. 1876 ते 78 च्या मद्रासकडच्या दुष्काळात विलोबी हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे गट करून, त्यांना नीट बसवून फोटो काढले. त्या फोटोंवर फार टीका झाली, ती योग्यच होती. तिथे माणसे उपासमारीचा नमुना म्हणून बसली आहेत. 1936 साली डोरोथिया लँग हिने कॅलिफोर्नियात एका मजूर आईचा फोटो काढला. तो जगभर गाजला. पण लँगने त्या बाईचे नावच विचारले नव्हते. ते नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स टॉम्प्सन, जगाला कळले 1978 साली, आणि तेव्हा त्या बाईने त्या फोटोविषयी नाराजीच बोलून दाखवली. लँगची कळकळ खोटी नव्हती. तरीही चित्र मोठे झाले आणि बाई बिननावाची राहिली, हे खरेच.

मेंडेलच्या चित्राखाली माणसाचे नाव असते, गाव असते, महिना आणि साल असते. आपल्याकडेही 'भारतीय ग्रामीण जीवनाचा संग्रह' म्हणून पी. साईनाथ ह्यांनी 2014 साली जे काम उभे केले, त्यात हाच कटाक्ष दिसतो: माणूस आधी, त्याचे संकट मागून. नाव लिहिले म्हणजे उपकार केले असे नव्हे; पण नाव नसले की माणसाचा 'पूरग्रस्त' होतो, आणि पूरग्रस्त हा शब्द गर्दीचा आहे.

आता ह्या चित्रांविषयी माझ्या मनात जे दोन आक्षेप आहेत तेही सांगितले पाहिजेत.

पहिला असा की, सगळी माणसे सारख्याच शांतपणे उभी आहेत. पन्नास चित्रे ओळीने पाहिली की ती शांती एक ठरीव रीत वाटू लागते. पुरात माणसे भांडतात, रडतात, सरकारी माणसावर धावून जातात, क्वचित हसतातही. ते सारे कुठे गेले? दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. चित्र पाणी दाखवते, पाण्याचे कारण दाखवत नाही. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी 2017 साली दाखवून दिले की, 1950 ते 2015 ह्या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हे चित्रात कसे येणार? शिवाय नाशकाच्या पुरात वरच्या गंगापूर धरणातून सोडलेले पाणी असते, पात्रात घुसलेली बांधकामे असतात. सगळा दोष आभाळावर टाकला की खालचे सारे सुटतात. 2008 नंतर आमच्या गोदेकाठी निळी आणि लाल पूररेषा आखली गेली, तिच्यावरून किती वाद झाले ते नाशिककरांना सांगायला नको.

पण पुढे मेंडेलनेच दुसऱ्या आक्षेपाला अर्धे उत्तर देऊन ठेवले आहे. पाणी ओसरल्यावर घरांच्या भिंतींवर राहिलेल्या रेघांची चित्रे त्याने काढली आणि त्या मालिकेला 'फ्लडलाइन्स' म्हटले. म्हणजे पूररेषाच. एक रेघ कचेरीतल्या नकाशावर असते, तिच्यात फेरफार करा म्हणून अर्ज करता येतो. दुसरी रेघ स्वयंपाकघराच्या भिंतीवर, डब्यांच्या फळीच्याही वर उमटते. तिच्यावर अर्ज चालत नाही. ही दोन्ही चित्रे जवळजवळ ठेवली तर कारणाचा शोध सुरू होतो. तो पुरा करणे मात्र छायाचित्रकाराचे काम नव्हे, ते तुमचेआमचे.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही; ते भांडीबाजारात सापडले. 2016 च्या ऑगस्टमध्ये पूर ओसरल्यावर मीही इतरांसारखा मोबाइल घेऊन बघायला गेलो होतो. एक दुकानदार गुडघाभर चिखलात, उघड्या अंगाने, चेपलेल्या पातेल्यांच्या ढिगाजवळ बसला होता. मी लांबूनच फोटो घेतला. त्याचे लक्ष गेले. तो रागावेल असे वाटले, पण तो म्हणाला, "काका, थांबा जरा. सदरा तरी घालू द्या." तो आत गेला, बादलीतल्या पाण्याने तोंड धुतले, कुठूनसा सदरा शोधून अंगात घातला, वरपर्यंत गुंड्या लावल्या आणि आपल्या गल्ल्यामागे येऊन सरळ उभा राहिला. "हं, आता काढा."

पहिला फोटो अधिक 'बोलका' होता. कोणत्याही संपादकाने तोच निवडला असता. मी तो तिथल्या तिथे पुसून टाकला. मला जे दिसले होते ते पहिल्या फोटोत होते. त्याला जसे दिसायचे होते ते दुसऱ्यात. मेंडेलच्या माणसांची शांती ही छायाचित्रकाराची ठरीव रीत आहे असे मला वाटले होते. आता वाटते, तो त्यांचा सदरा आहे. घर गेले, धान्य गेले, तरी दारात उभे राहून पाहुण्याकडे कसे बघायचे हे आपले आपण ठरवण्याचा हक्क गेलेला नाही. जे चित्र हा हक्क हिरावून घेते ते कितीही हृदयद्रावक असो, मी त्याला चांगले म्हणणार नाही. जे तो राखते, त्यात थोडा एकसुरीपणा असला तरी मी तो सोशीन.

दुकानदाराला त्याचा फोटो मोठा करून नेऊन दिला, तेव्हा त्याने आधी सदऱ्याची कॉलर नीट बसली आहे की नाही ते पाहिले.

मेंडेलची आणखी एक मालिका आहे, 'वॉटरमार्क्स'. पुरात सापडलेले, भिजून रंग वाहून गेलेले घरगुती फोटो त्याने गोळा केले आणि मोठे करून मांडले. लग्नातले, बारशातले, सहलीतले. कुणाचा चेहरा गेलेला, कुणाचे डोळे तेवढे उरलेले. ते पाहताना मला आजीची आठवण झाली. तिने प्रदर्शन असे कधी पाहिले नव्हते. पण बिघडलेले चित्रही कुणाचे तरी असते, हे तिला ठाऊक होते.

भिंत रंगवून झाली आहे. आता तसबिरी पुन्हा लावायच्या. आजोबांचा खिळा मी तेवढा वीतभर वर ठोकणार आहे.