कचरा कुणाच्या दारात? : पर्यावरण मोहिमांच्या डावपेचांची चिकित्सा

पर्यावरणवादी संघटनांनी मोहीम कशी चालवावी यावर अलीकडे पुष्कळ लिहिले आणि शिकवले जाते. सह्यांचे निवेदन, मानवी साखळी, वर्तमानपत्रातली बातमी, जनहित याचिका, व्यासपीठावर एखादा नामवंत चेहरा, शाळकरी मुलांची चित्रकला स्पर्धा, ही हत्यारे आता सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. ती परिणामकारक ठरतात की नाही याचीही चर्चा होते. परंतु परिणाम नेमका कुणावर होतो, हा प्रश्न त्या चर्चेत सहसा येत नाही. प्रस्तुत लेखकाला हा प्रश्न पुस्तकात नव्हे, वर्गात भेटला.

मी शिकवतो त्या महाविद्यालयात पर्यावरण हा सक्तीचा विषय आहे. एका वर्षी आम्ही विद्यार्थ्यांची स्वच्छता मोहीम काढली. टोप्या वाटल्या, झाडू वाटले, छायाचित्रकार बोलावला. सफाई कामगारांच्या वसाहतीतून येणारा एक मुलगा मागेच उभा राहिला. विचारले तर म्हणाला, ‘सर, घरी आईबाप रोज करतात तेच मी इथे टोपी घालून करायचं का?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. मीही माझ्या घरातला पहिलाच पदवीधर. झाडूपासून सुटण्यासाठी शिकलेल्या माणसाने दुसऱ्याच्या हातात झाडू देऊन त्याला पर्यावरण म्हणावे, यातली विसंगती मला तोवर दिसली नव्हती.

या मोहिमांची भाषा तपासली पाहिजे. शुद्ध हवा, शुद्ध पाणी, पवित्र नदी. ज्यांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे शतकानुशतके सांगितले गेले त्यांना ‘शुद्ध’ हा शब्द निरागस वाटू शकत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे परिषदेचे प्रतिनिधी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. तीही जलशुद्धीची मोहीमच होती, आणि शेणमूत्र टाकून केलेली होती! प्रदूषण हा शब्द नवा आहे, विटाळ जुना आहे. पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतली, की त्याच्या आड दुसराच लपून बसला, हे प्रत्येक मोहिमेबाबत वेगळे तपासावे लागेल.

ही तपासणी कशी करावी हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांकडून शिकण्याजोगे आहे. दलित पँथरने १९७२ साली ब्लॅक पँथरचे नाव घेतले तेव्हापासून त्यांचे आणि आपले एक नाते आहे. पण आपण त्यांची कविता वाचली, त्यांची आत्मचरित्रे वाचली. त्यांच्या कचऱ्याच्या लढ्याकडे मात्र आपले लक्ष गेले नाही. वास्तविक १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या मेम्फिस शहरात झाली ती ते तिथल्या सफाई कामगारांच्या संपासाठी गेले असताना. दोन कामगार कचऱ्याच्या गाडीतल्या यंत्रात चिरडून मेले, त्यानंतर तो संप पेटला. संपकऱ्यांच्या हातातल्या फलकांवर ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिलेले असे.

चौदा वर्षांनी नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या वॉरन काउंटीत जे घडले ते अधिक बारकाईने पाहावे. १९७८ साली पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेले तेल कुणी रात्री-अपरात्री ट्रकमधून राज्याच्या रस्त्यांच्या कडेने, सुमारे २४० मैल, सांडत गेले. ती विषारी माती खरवडून कुठेतरी पुरणे भाग होते. सरकारने जागा निवडली ती वॉरन काउंटीतल्या अॅफ्टन गावाजवळची. वस्ती बहुसंख्य काळी, गरीब, विहिरींच्या पाण्यावर जगणारी. आणि भूजल थोड्याच फुटांवर. लोकांनी आधी अर्ज केले, सुनावण्यांना हजेरी लावली, न्यायालयात गेले. सगळीकडे हरले. सप्टेंबर १९८२ मध्ये ट्रक येऊ लागले तेव्हा कोली स्प्रिंग्ज बाप्टिस्ट चर्चमधून मोर्चे निघाले आणि माणसे रस्त्यावर ट्रकपुढे आडवी झाली. सहा आठवड्यांत पाचशेच्या वर अटका झाल्या. यात जमीनमालक गोरेही होते, हे नोंदवले पाहिजे. सुरुवातीची नागरिक समिती तर गोऱ्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली होती.

माती शेवटी तिथेच पुरली गेली. मोहिमेचे यशापयश मोजण्याच्या रूढ पद्धतीने पाहिले तर ही हार आहे. पण अटक झालेल्यांत वॉल्टर फाँट्रॉय हे अमेरिकी काँग्रेसमधले प्रतिनिधी होते. त्यांनी सरकारी लेखापरीक्षण यंत्रणेला मोजणी करायला लावली. १९८३ च्या अहवालात निघाले की आग्नेयेकडील आठ राज्यांत घातक कचऱ्याची जी चार मोठी ठिकाणे होती त्यांपैकी तीन बहुसंख्य काळ्या वस्तीत आहेत. १९८७ साली युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या वांशिक न्याय आयोगाने हीच मोजणी देशभर केली आणि दाखवले की विषारी कचरा कुठे जातो हे ठरवणाऱ्या घटकांत वंश हा सर्वांत वजनदार घटक आहे, उत्पन्नाहूनही अधिक. ह्यूस्टनमध्ये रॉबर्ट बुलार्ड हे समाजशास्त्राचे प्राध्यापक १९७९ पासून विद्यार्थ्यांना घेऊन असलीच मोजणी करीत होते. शहराच्या मालकीचे पाचही कचरा डेपो त्यांना काळ्या वस्त्यांत सापडले.

माझ्या मते परिणामकारकता इथे आहे. ‘हा कचरा आमच्याकडे नको’ एवढीच मागणी असती तर तो दुसऱ्या एखाद्या दुबळ्या वस्तीत गेला असता आणि मोहीम ‘यशस्वी’ म्हणून संपली असती. वॉरनच्या लोकांनी मागणीचे रूपांतर प्रश्नात केले : कचरा नेहमी आमच्याचकडे का येतो? मग तो प्रश्न आकड्यात उतरवला. आक्रोश नाकारता येतो. सरकारनेच मोजलेला आकडा सरकारला नाकारणे जड जाते.

पुढे १९९० साली त्यांच्यापैकी काही संघटनांनी अमेरिकेतल्या दहा बड्या पर्यावरण संस्थांना जाहीर पत्र लिहून विचारले की तुमच्या कार्यकारिणीत आणि नोकरवर्गात आमची माणसे किती? पत्र बोचरे होते आणि ते मित्र म्हणवणाऱ्यांना होते. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनला त्यांची स्वतंत्र परिषद भरली, सतरा तत्त्वे संमत झाली. (पहिलेच तत्त्व धरणीमातेच्या पावित्र्याचे आहे. तिथे मी अडखळतो. तिकडच्या मूळनिवासींना तो शब्द बळ देत असेल. आपल्याकडे पावित्र्य म्हटले की पहारेकरी आलाच.) १९९४ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सर्व सरकारी खात्यांना या अन्यायाची दखल घ्यायला लावणारा आदेश काढला. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो रद्द केला. अॅफ्टनची माती निर्विष करण्याचे काम २००३ च्या सुमारास, म्हणजे वीस वर्षांनी झाले.

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानासाठी एका पर्यावरण संस्थेने १९९५ साली याचिका केली. १९९७ साली उच्च न्यायालयाने झोपड्या हटवण्याचा आदेश दिला आणि हजारो घरे पाडली गेली. जंगल वाचवू नये असे कोण म्हणेल? पण त्या जंगलाच्या व्याख्येत झोपडीतला माणूस अतिक्रमण म्हणूनच शिरला. शहरांच्या घनकचऱ्यावरील याचिकेत तर सर्वोच्च न्यायालयाने २००० साली, अतिक्रमण करणाऱ्याला पर्यायी जागा देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देणे, अशा अर्थाचे उद्गार काढले. निघाले होते कचऱ्याला, पोचले झोपडपट्टीवाल्यापाशी! याचिका हे हत्यार परिणामकारक आहे यात शंका नाही; त्याची धार कुणाकडे आहे एवढेच पाहायचे. देवनारच्या कचरा डेपोला २०१६ च्या जानेवारीत आग लागून धूर दूरवर पसरला तेव्हा शहर खोकले आणि बातमी झाली. त्या डेपोच्या कुशीत पिढ्या खोकत आहेत त्याची मोहीम झाली नाही. नदी स्वच्छतेच्या व्याख्यानांत गटारात गुदमरून मेलेल्याचा उल्लेख तुम्ही कधी ऐकला आहे का?

दोष केवळ सवर्ण पर्यावरणवाद्यांचा नाही. हा प्रश्न पोटभरल्यांच्या फावल्या वेळातला, असे म्हणून आपल्या चळवळीनेही तो त्यांच्या स्वाधीन केला. गायरान, पाणवठा, मेलेली जनावरे, चामड्याच्या कुंडीतले रसायन, गटार हे सगळे आपले जगणे असून आपण त्याला पर्यावरण म्हटले नाही, आणि ते नाव दुसऱ्याने नेले.

महाडकडे याही दृष्टीने पुन्हा पाहावे. आधी कायदेमंडळाचा १९२३ चा ठराव, मग नगरपालिकेचा १९२४ चा, मग परिषद, मग प्रत्यक्ष पाणी पिणे. डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा लोक जमले तेव्हा न्यायालयाचा मनाईहुकूम आला होता. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला, मनुस्मृती जाळली आणि दावा लढवत राहिले. निकाल १७ मार्च १९३७ ला, उच्च न्यायालयात, आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे. पाण्याच्या प्रश्नावर यापेक्षा नेटकी आखलेली मोहीम मला ठाऊक नाही, तरी पर्यावरण चळवळीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला ती भेटलेली नाही.

त्या विद्यार्थ्याने नंतर टोपी घातली नाही, पण दुसरे काम पत्करले. गावातल्या कचऱ्याच्या गाड्या कुठून भरतात, कुठे रित्या होतात, कोणत्या नाल्याचे तोंड कोणत्या गल्लीत उघडते, याची यादी तो आणि त्याचे चार मित्र करीत आहेत. चौदा वॉर्डांपैकी नऊ झाले आहेत. उरलेल्यांसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे आणि तीस दिवसांची मुदत अजून संपायची आहे.