सम येण्याआधीच कट

ख्यालगायकावरचा माहितीपट म्हटला की एक जागा ठरलेली असते. बुवांचा विलंबित ख्याल रंगात आलेला असतो, तबलजी समेची वाट बघत असतो, आणि नेमक्या त्याच वेळी निवेदकाचा भारदस्त आवाज सांगू लागतो की पंडितजींचा जन्म अमुक साली, एका संगीतप्रेमी कुटुंबात झाला. गाणं खाली दाबलं जातं. सम कधी येऊन गेली ते कळतही नाही. मग तानपुऱ्याच्या खुंट्यांचा क्लोज-अप, सन्मानाची शाल, दोन-तीन मान्यवरांचे गौरवोद्गार, आणि थेट द्रुत.

दिग्दर्शकाला गाणं आवडत नाही, असं नाही. गाण्याला लागणारा वेळ द्यायची त्याला भीती वाटते. प्रेक्षक उठून जाईल, ही ती भीती. संगीतावरचा सिनेमा बघताना मी म्हणूनच दोन गोष्टी शोधतो: सुराला त्याचा वेळ मिळतोय का, आणि त्या सुरामागची मेहनत कुठे दिसतेय का. या दोन चाळण्यांतून फार थोडे सिनेमे खाली उतरतात.

फिल्म्स डिव्हिजनला नावं ठेवणं सोपं आहे, पण एस. एन. एस. शास्त्रींनी 1970 मध्ये उस्ताद अमीर खाँ यांच्यावर छोटासा माहितीपट केला नसता तर काय झालं असतं? चारच वर्षांनी, 1974 मध्ये, खाँसाहेब कोलकात्यात मोटार अपघातात गेले. गुलजार यांचा भीमसेनजींवरचा, जब्बार पटेलांचा कुमार गंधर्वांवरचा ‘हंस अकेला’, अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांचा किशोरीताईंवरचा ‘भिन्न षड्ज’ हे सगळे जपून ठेवावेत असेच आहेत. तरी ‘भिन्न षड्ज’मध्ये मोठमोठे कलावंत किशोरीताईंबद्दल बोलतात, तेव्हा मला त्या सगळ्यांना हात जोडून गप्प करावंसं वाटतं. खुद्द ताई समोर आहेत, त्यांना बोलू द्या, गाऊ द्या. थोरवीची साक्ष कशाला हवी?

वेळ देण्याची हिंमत मणी कौल यांनी केली. ‘ध्रुपद’ (1982) हा झिया मोहिउद्दीन आणि झिया फरीदुद्दीन या डागर बंधूंवरचा त्यांचा माहितीपट. कौल स्वतः डागरांकडे शिकत होते, ते प्रत्येक चौकटीत जाणवतं. आलाप जसा एकेका सुरावर रेंगाळतो तसा इथे कॅमेरा रेंगाळतो. माहिती सांगायची त्याला घाई नाही. शेवटी तो मुंबईच्या वस्तीवरून, छपरांवरून इतका वेळ फिरतो की अधीर माणूस रिमोट शोधेल. ‘सिद्धेश्वरी’त (1989) मिता वशिष्ठ सिद्धेश्वरीदेवी ‘होते’ असं म्हणणंही धाडसाचं ठरेल, इतका तो सिनेमा चरित्रपटाच्या वाटेला जात नाही. कुणी कौल यांना दुर्बोध म्हटलं तर मी भांडणार नाही. पण गाणाऱ्या माणसाने हे दोन्ही बघावेतच.

आपल्याकडे गेल्या पंधराएक वर्षांत संगीतपटांना पुन्हा बरे दिवस आले. ‘बालगंधर्व’ (2011), ‘कट्यार काळजात घुसली’ (2015) आणि ‘मी वसंतराव’ (2022). यातली एक गंमत बघा. तिन्ही सिनेमांसाठी पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला: आनंद भाटे, महेश काळे, राहुल देशपांडे. तिघांचीही शास्त्रीय संगीताची बैठक पक्की. म्हणजे गळ्यांनी आपलं काम चोख केलं. सिनेमांनी केलं का? ‘बालगंधर्व’ डोळे दिपवतो. शालू, अत्तरं, पंगती, कर्ज, सगळं आहे. एखादं पद बालगंधर्वांच्या गळ्यात कसं बसलं, हे मात्र नाही. ‘कट्यार’चं नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांनी 1967 मध्ये रंगभूमीवर आणलं, तेव्हा त्याच्या गाभ्याशी गायकीचा वाद होता. पडद्यावर आल्यावर दरबार, ईर्षा आणि जिंकणं-हरणं यांनी बरीच जागा खाल्ली. चित्रपटगृहात टाळ्या पडल्या, त्या जुगलबंदीला. गाण्याचा सामना झाला की प्रेक्षकाला निकाल कळतो, हे खरं. पण मैफल म्हणजे कुस्तीचा फड नव्हे.

तिघांत ‘मी वसंतराव’ मला उजवा वाटतो, कारण त्यात नोकरी आहे. वसंतरावांनी लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केली. दिवसभर खर्डेघाशी करून उरलेल्या वेळात गाणारा माणूस कसा कुढतो, कसा चिडतो, हे निपुण धर्माधिकारींनी दाखवलं आहे. शिवाय आजोबांच्या भूमिकेत नातू राहुल स्वतः उभा राहून गातो, त्यामुळे ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, ही नेहमीची फट दिसत नाही.

आणि मग चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’. 2020 मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालेला, पुढच्या एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सवर आलेला हा मराठी सिनेमा माझ्या ओळखीच्या अनेक गवयांनी अर्धवट सोडला. ‘फार लागतं’, असं एकीने सांगितलं. लागणारच. शरद नेरूळकर हा मुलगा निष्ठेने शिकतो, गुरूची सेवा करतो, रात्री मुंबईच्या मोकळ्या रस्त्यांवर दुचाकी चालवत कानात गुरूंच्या गुरू असलेल्या माईंच्या जुन्या ध्वनिफिती ऐकतो. साधना, त्याग, एकांत यांच्यावरची ती प्रवचनं. आणि एवढं सगळं करूनही तो मोठा गायक होत नाही. आपल्या एकाही चरित्रपटाने या माणसाकडे पाहिलेलं नाही, आणि दर पिढीत अशीच माणसं जास्त असतात. क्लास चालवणारी, स्पर्धेत उत्तेजनार्थवर थांबलेली, जुन्या ध्वनिमुद्रणांचे खजिने गोळा करणारी.

यातली तालमीची दृश्यं नीट पाहा. गुरुजी जागा दाखवतात, शरद घेतो. सूर चुकलेला नसतो, पण ती जागा नसतेच. गुरुजी पुन्हा दाखवतात. संगीताचा कान नसलेल्या प्रेक्षकालाही दोघांतलं अंतर ऐकू येतं. गुरुजींच्या भूमिकेत अरुण द्रविड आहेत, मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताईंकडे शिकलेले. शरद झालेला आदित्य मोडक हाही शिकलेला गायक. त्याला इथे जरा कमी पडणारं गाणं गायचं होतं, आणि चांगल्या गळ्याला ते मुद्दाम जमवणं सोपं नाही. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. सिनेमा नेटफ्लिक्सवर यायच्या थोडेच दिवस आधी त्या गेल्या. पुढे एक संग्राहक शरदच्या दैवतांबद्दल जे काही बोलतो, ते आपण सगळ्यांनी मैफलीनंतर चहाच्या टपरीवर ऐकलेलं आहे. पडद्यावर ते आलं की अंगावर येतं.

परदेशी माहितीपटांचा तर डोंगर आहे आणि त्यातला बराचसा भाग व्यसन, घटस्फोट, पुनरागमन या एकाच साच्यातला. दोन मात्र चुकवू नयेत. पीटर जॅक्सन यांचा ‘गेट बॅक’ (2021) जवळजवळ आठ तासांचा आहे; जानेवारी 1969 मध्ये बीटल्सच्या तालमींचं जे चित्रण झालं, त्यातून काढलेला. बरेचसे तास कंटाळ्याचे, चहा-टोस्टचे, कुरबुरींचे. पण एका सकाळी लेनन उशीर करतो, हॅरिसन जांभया देतो, आणि मॅकार्टनी बास गिटारवर नुसता रट्टा मारत बसतो. गुणगुणण्यातून आधी चाल येते, मग अर्धेमुर्धे शब्द, आणि बघता बघता आपल्याला ठाऊक असलेलं गाणं डोळ्यांदेखत तयार होतं. चाल बांधणाऱ्या प्रत्येकाने ही काही मिनिटं पाहावीत.

दुसरा ‘अमेझिंग ग्रेस’. 1972 च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये अरीथा फ्रँकलिन दोन रात्री गायल्या. चित्रीकरण सिडनी पोलॅक यांचं. पण क्लॅपच दिला नव्हता, त्यामुळे चित्र आणि आवाज जुळेनात. रेकॉर्ड तुफान खपली, फिल्म मात्र डब्यात राहिली. पुढे तंत्राने जुळवाजुळव झाली, तर अरीथांनीच कोर्टात जाऊन प्रदर्शन अडवलं. 2018 मध्ये त्या गेल्यावरच ती लोकांसमोर आली. निवेदन जवळपास नाही. घाम निथळतोय, वडील पुढे येऊन अरीथांचा चेहरा टिपतात, आणि त्या गातच राहतात.

संगीतपटांच्या याद्यांत आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) कधीच नसतो, याचं मला नवल वाटत नाही, रागच येतो. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’मध्ये घोगरे गायले होते. तिथून सुरू झालेलं चित्रीकरण चौदा वर्षं चाललं. तीन तासांहून मोठा हा माहितीपट राजकीय म्हणून कपाटात टाकला गेला, पण त्यात गाणी किती आहेत पाहा: वस्तीतले जलसे, भीमगीतं, कबीर कला मंच, शीतल साठेंचा तो धारदार आवाज. डफावर थाप पडते आणि पटवर्धन घाईने दुसरीकडे वळत नाहीत. ताम्हाणे यांनी ‘कोर्ट’मध्ये (2014) अशाच एका शाहिराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, तिथली गाणी संभाजी भगतांची. घराण्यांवर एवढे माहितीपट होतात, मग अण्णा भाऊ साठे, अमर शेख, वामनदादा कर्डक यांच्या गायनपरंपरेवर तितक्याच निगुतीने काम करणारा दिग्दर्शक कुठे आहे? वामनदादांची गाणी ऐन बहरात ऐकलेली माणसं अजून गावोगाव आहेत, त्यांची वयं वाढताहेत, आणि कॅमेरा तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे.