उशिरा येण्यापेक्षा न आलेले बरे

इंटरनेटवरून जिवंत आवाज आणि चित्र वाहून नेणाऱ्या आरटीपी या प्रोटोकॉलच्या प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर किमान १२ बाइटांचे हेडर असते. म्हणजे ९६ बिट. एवढ्याशा जागेत एक अख्खी भूमिका मांडणे ही मला थोर लेखनकला वाटते. या प्रोटोकॉलचे नियम सांगणारा, जुलै २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘आरएफसी ३५५०’ हा दस्तऐवज १०४ पानांचा आहे. हेनिंग शुल्झरिन, स्टीफन कॅसनर, रॉन फ्रेडरिक आणि व्हॅन जेकबसन हे त्याचे लेखक. जानेवारी १९९६ मधल्या आपल्याच मानकाची ही त्यांनी घासूनपुसून काढलेली आवृत्ती. पण त्याचा जीव त्या ९६ बिटांच्या आकृतीत आहे, आणि ती सावकाश वाचावी अशी आहे.

आकृतीत दोन आकडे शेजारी शेजारी उभे आहेत. एक क्रमांक, १६ बिटांचा. दुसरी वेळ, ३२ बिटांची. क्रमांक प्रत्येक पॅकेटमागे एकाने वाढतो, त्यावरून मधले कोणते गळाले ते कळते. मग वेळ वेगळी कशाला? एक व्हिडिओ फ्रेम बहुधा एका पॅकेटात मावत नाही. तिचे दहा तुकडे झाले, तर क्रमांक दहा, वेळ मात्र एकच. आणि ही वेळ पॅकेट निघाल्याची नव्हे, दृश्य टिपले गेल्याची. पाठवणाऱ्या यंत्राने कितीही रेंगाळत काम केले, वाटेत कितीही खोळंबा झाला, तरी तो क्षण बदलत नाही. काही एन्कोडिंगमध्ये फ्रेम दाखवायच्या क्रमाने पाठवल्याच जात नाहीत. तिथे क्रमांक पुढे सरकतो आणि वेळ मागे येते. लेखकांनी ही शक्यता आधीच ओळखून तिला जागा करून ठेवली आहे.

व्हिडिओसाठी या घड्याळाचे सेकंदाला ९०,००० ठोके धरले जातात. आकडा विचित्र वाटतो, पण २४ फ्रेमच्या चित्रपटाला भागून पाहा, ३,७५०. आपल्याकडच्या २५ फ्रेमच्या टीव्हीला ३,६००, तिकडच्या ३० फ्रेमला ३,०००. कुठेही बाकी उरत नाही. जगभरच्या पडद्यांना एका घड्याळात बसवणारी ही निवड पाहून मला मनापासून आनंद होतो.

आता या हेडरमध्ये काय नाही ते पाहू. पोचल्याची पावती नाही, हरवलेले पुन्हा मागण्याची सोय नाही. वेळेवर पोचवण्याची हमी हा प्रोटोकॉल देत नाही, हे दस्तऐवज स्वच्छ सांगतो. टीसीपी या प्रोटोकॉलचा स्वभाव उलटा. तो प्रत्येक बाइट पोचवण्याची जबाबदारी घेतो. एक पॅकेट हरवले, की मागून आलेली सगळी हाताशी असूनही दारातच थांबवतो. पत्रासाठी, बँकेच्या व्यवहारासाठी हे हवेच. पण रंगलेल्या बैठकीत तबलजीचा एखादा बोल निसटला, तर तो वाजवायला तो मागे जात नाही. त्याला सम गाठायची असते. आरटीपी नेमके तेच करतो. काय आले, कोणत्या क्षणाचे आले आणि मध्ये काय गळाले एवढे तो प्रामाणिकपणे सांगतो. थांबायचे की पुढे जायचे, हे घेणाऱ्याने ठरवावे. हमीऐवजी माहिती देण्याचा हा निर्णय मला या लेखनातला सर्वांत धाडसी वाटतो.

तुलनेसाठी ॲपलचा एचएलएस हा प्रोटोकॉल पाहावा. तो व्हिडिओचे तुकडे करून साध्या वेब सर्व्हरवर ठेवतो, म्हणून लाखो प्रेक्षकांना पुरतो. पण त्याच्या मानकानुसार प्रेक्षकाने यादीच्या टोकापासून किमान तीन तुकड्यांइतके मागे राहून सुरुवात करायची. ॲपलने सुचवलेला तुकडा ६ सेकंदांचा. म्हणजे १८ सेकंद तिथेच गेले. सामना पाहणाऱ्याला ते चालून जाते; संवाद मात्र एवढ्या अंतरावरून होत नाही.

आरटीपीसोबत आरटीसीपी नावाचा एक साथीदार येतो. आवाज आणि चित्र यांच्या वेळा वेगवेगळ्या यादृच्छिक आकड्यांपासून सुरू होतात. त्या दोन्ही भिंतीवरच्या घड्याळाशी जोडून देणे हे त्याचे एक काम, म्हणून ओठ आणि शब्द जुळतात. त्याने एकूण बँडविड्थचा ५ टक्केच भाग वापरावा अशी शिफारस आहे. माणसे वाढली की प्रत्येकाने कमी वेळा बोलायचे. आणि सगळे एकदम बोलू नयेत म्हणून दोन संदेशांमधला काळ अर्धपट ते दीडपट असा मुद्दाम हलता ठेवायचा. ही सभ्यता सुंदर आहे, पण इथेच दस्तऐवज कमी पडतो असे माझे मत आहे. दोन संदेशांत किमान ५ सेकंदांचे अंतर सुचवले आहे. चित्र फाटल्याची तक्रारही याच संदेशांतून जाते; ती ५ सेकंदांनी पोचली तर तिचा उपयोग काय? जुलै २००६ मध्ये ‘आरएफसी ४५८५’ने लगेच कळवण्याची मुभा दिली, तेव्हा वेळ हातात असेल तर हरवलेले पॅकेट पुन्हा मागवता येऊ लागले.

सुरक्षेची बाजूही नंतर भक्कम झाली. मार्च २००४ मधल्या एसआरटीपीने आतला आशय कुलूपबंद केला, हेडर मात्र वाचता येईल असेच ठेवले. त्यात कोणी फेरफार केला तर कळावे एवढी तजवीज केली. जानेवारी २०२१ मध्ये वेबआरटीसी हे डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानक संस्थेचे अधिकृत मानक झाले; त्यातही ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलसाठी हेच हेडर आहे. पुण्यातली आजी न्यू जर्सीतल्या नातवाशी ब्राउझरमधून बोलते, तेव्हा तिच्या चेहऱ्याचे तुकडे याच पट्ट्या बांधून निघतात. पट्टीतले पहिले दोन बिट आवृत्तीचे. शून्य हा आकडा ‘व्हॅट’ या जुन्या आवाजी साधनाच्या प्रोटोकॉलसाठी, एक पहिल्या मसुद्यासाठी. १९९६ पासून तिथे दोन आहे, आणि तीनची गरज अजून पडलेली नाही.