बायबलचे कर्तृत्व आणि मराठी वाचक

बायबल सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेचे मुख्य कार्यालय बंगळूरला महात्मा गांधी रस्त्यावर आहे. मराठी ‘पवित्र शास्त्रा’ची प्रत पुण्यात विकत घेतली काय किंवा नाशिकात घेतली काय, तिच्यावर प्रकाशकाचा पत्ता असतो तो बंगळूरचा. शहाजीच्या जहागिरीतील या नगरीतून महाराष्ट्राला एक मराठी पुस्तक नेमाने येत असते, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानात येते. त्या प्रतीच्या आरंभीच्या पानांवर प्रकाशकाचे नाव आहे. ग्रंथकर्त्याचे नाही आणि भाषांतरकाराचेही नाही. श्रद्धावंताला यात काही खटकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ग्रंथाचा कर्ता ठरलेलाच आहे. अश्रद्ध वाचकालाही ते खटकत नाही, कारण तो ग्रंथ उघडीतच नाही. या दोहोंच्या मध्ये जो वाङ्मयाचा अभ्यासक उभा असतो त्याने मात्र येथे थांबून दोन प्रश्न विचारावयास हवेत. हा ग्रंथ कोणी रचला? आणि त्यातील मराठी शब्द कोणाचे?

यांतील पहिला प्रश्न मराठी अभ्यासकाला नवा वाटण्याचे कारण नाही. जय, भारत आणि महाभारत अशा तीन पायऱ्यांनी व्यासांचा ग्रंथ वाढला, हा चिंतामणराव वैद्यांचा सिद्धान्त येथे घरोघर पोचलेला आहे. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे ज्ञानदेव एक की दोन, हा ‘भारद्वाजां’नी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उपस्थित केलेला वाद अजूनही अधूनमधून डोके वर काढतो. नामदेवाच्या गाथेत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले आहेत हे तर आता शाळकरी ज्ञान झाले आहे. अशा परंपरेत वाढलेल्या समीक्षेने बायबलकडे मात्र ‘मिशनऱ्यांचे पुस्तक’ म्हणून पाहिले व ते चर्चच्या स्वाधीन करून टाकले. यात हानी झाली ती समीक्षेचीच. कारण ग्रंथकर्तृत्वाची जी चिकित्सा युरोपात या ग्रंथावर दोनशे वर्षे चालली, तिचा मुख्य पुरावा मराठी भाषांतरात जवळजवळ जसाच्या तसा उतरलेला आहे. तो पाहण्यास हिब्रूचे ज्ञान लागत नाही. डोळसपणे मराठी वाचता आले म्हणजे पुरे.

‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात सृष्टी निर्माण करणाऱ्याला सर्वत्र ‘देव’ म्हटले आहे. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापाशी तोच एकाएकी ‘परमेश्वर देव’ होतो, आणि सृष्टीची कथा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. क्रमही बदलतो. पहिल्या कथेत वनस्पती, मग पशू आणि शेवटी स्त्री-पुरुष बरोबरच. दुसऱ्या कथेत आधी मातीचा पुरुष, मग बाग, मग पशू आणि सर्वांच्या शेवटी स्त्री. मूळ हिब्रूत जेथे ‘एलोहीम’ आहे तेथे मराठीत ‘देव’ आणि जेथे यहूदी उच्चारीत नाहीत ते चार अक्षरांचे नाव आहे तेथे ‘परमेश्वर’, असा संकेत भाषांतरकारांनी पाळला. त्यांचा हेतू निराळा, भक्तीचा होता. परंतु त्यामुळे 1753 साली फ्रान्समधील झां आस्त्रुक या राजवैद्याला जी शिवण दिसली, तीच मराठी वाचकाच्या हाती आयती आली.

नोहाच्या जलप्रलयात ही शिवण अधिकच उसवते. ‘देव’ त्याला प्रत्येक जातीची जोडी घ्यावयास सांगतो; थोड्याच ओळींनंतर ‘परमेश्वर’ शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या घ्यावयास सांगतो. पाऊस एकदा चाळीस दिवसांचा आहे, तर पाणी चढलेले राहते ते एकशेपन्नास दिवस. सातव्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात तर ही दोन्ही नावे एकाच वाक्यात आली आहेत. देवाच्या आज्ञेप्रमाणे प्राणी आत गेले आणि परमेश्वराने दार लावून घेतले. दोन हकिकती कोणीतरी एकत्र विणल्या, आणि विणताना एकीही टाकून देण्याचे त्याच्या जिवावर आले, असेच हे दृश्य आहे. विसंगती त्याला दिसली नसेल असे मानणे म्हणजे त्याला आपल्यापेक्षा मंद मानणे होय. त्याला ती दिसली. पण परंपरेने हाती दिलेले काही गाळण्याचा अधिकार आपला नव्हे, अशी त्याची समजूत असावी. ज्यांनी पोथ्या हाताळल्या आहेत त्यांना ही वृत्ती ओळखीची आहे.

पहिल्या पाच पुस्तकांचा कर्ता मोशे, हा परंपरेचा निर्वाळा. परंतु त्याच पुस्तकांच्या अखेरीस मोशेचा मृत्यू वर्णिलेला आहे व त्याची कबर आजतागायत कोणास ठाऊक नाही असेही सांगितले आहे. बाराव्या शतकातील भाष्यकार इब्न एज्रा याने अशा स्थळांकडे बोट दाखविले, आणि शहाण्याने येथे मौन धरावे असे सुचवून स्वतः पुढे गेला. 1670 साली स्पिनोझाने ते मौन मोडले. 1878 साली वेलहाउझेनने चार मूळ साधनांची उपपत्ती मांडली, आणि पुढील शंभर वर्षे ती पाठ्यपुस्तकांत सिद्धान्ताच्या थाटात वावरली. 1970 नंतर तिच्यावर जोरदार आघात झाले व आज ती चार साधने जशीच्या तशी मानणारे अभ्यासक थोडे उरले आहेत. तथापि ग्रंथ अनेक हातांचा आहे, त्यातील एक हात याजकवर्गाचा आहे, आणि त्याची घडण शतकानुशतके चालली होती, एवढे निदान कोणी सोडलेले नाही.

या साधनांपैकी एकाची कथा विशेष चटका लावणारी आहे. पाचव्या पुस्तकाला मराठीत ‘अनुवाद’ असे नाव आहे. आजच्या वाचकाला त्यावरून भाषांतर आठवेल. परंतु येथे तो शब्द त्याच्या जुन्या अर्थाने, म्हणजे सांगितलेलेच पुन्हा सांगणे या अर्थाने आलेला आहे. योशीया राजाच्या काळी, इ. स. पूर्व 622 च्या सुमारास, यरुशलेमच्या मंदिरात हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचे एक पुस्तक सापडले, शाफान चिटणिसाने ते राजाला वाचून दाखविले आणि राजाने वस्त्रे फाडली, अशी हकिकत राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. ते सापडलेले पुस्तक म्हणजे ‘अनुवाद’च होय, आणि ते त्या शतकाहून फारसे जुने नव्हे, असे द वेट्टे या जर्मन पंडिताने 1805 साली मांडले. योगायोग असा की विल्यम कॅरीने बंगालमधील सेरामपूरला मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले तेही 1805 सालीच. एकीकडे ग्रंथाचे कर्तृत्व उकलले जात होते, दुसरीकडे त्याच ग्रंथाला नव्या भाषेत नवे कर्ते मिळत होते.

बायबल आपल्या घडणीविषयी अगदीच मुके आहे असेही नाही. यिर्मयाच्या पुस्तकाचा छत्तिसावा अध्याय या दृष्टीने अमोल आहे. संदेष्टा सांगतो आणि बारूख शाईने गुंडाळीवर लिहितो. ती गुंडाळी यहोयाकीम राजासमोर वाचली जाते. हिवाळा आहे, पुढे शेगडी पेटलेली आहे. तीन-चार रकाने वाचून होताच राजा तेवढा भाग चाकूने कापून विस्तवात टाकतो, आणि असे करीत सगळी गुंडाळी जळून जाते. मग यिर्मया पुन्हा सांगतो, बारूख पुन्हा लिहितो, आणि पूर्वीच्या मजकुरात तशाच पुष्कळ वचनांची भर पडली असे ग्रंथच सांगतो. इंद्रायणीत बुडालेल्या व तरलेल्या गाथेची कथा ज्या भाषेत प्रत्येकाला पाठ आहे, त्या भाषेच्या वाचकाला हा अध्याय परका वाटू नये. फरक आहे तो एवढाच की तुकोबांची गाथा कोरडी परत आली आणि यिर्मयाची परत आली ती वाढून. ग्रंथ कसे वाढतात याची याहून सरळ कबुली प्राचीन वाङ्मयात क्वचितच आढळेल.

यशयाच्या नावावरील पुस्तकाचे तसेच आहे. यशया इ. स. पूर्व आठव्या शतकातला. परंतु चाळिसाव्या अध्यायापासून देशोधडीला लागलेल्या लोकांचे सांत्वन सुरू होते आणि इराणच्या कोरेश राजाचे तर नाव घेऊनच स्वागत केले जाते. कोरेशाने बाबेल जिंकली ती इ. स. पूर्व 539 मध्ये. तेव्हा हा दुसरा कवी दीडशेहून अधिक वर्षांनंतरचा, आणि काव्यगुणांत पहिल्याला मुळीच न हरणारा. त्याने स्वतःचे नाव सांगितले नाही. नामयाची मुद्रा घेऊन लिहिणाऱ्या विष्णुदासाला कोणी लबाड म्हणत नाही; मग यशयाच्या छायेत उभ्या राहिलेल्या या कवीवर खोट्या लेखाचा आरोप का यावा? नाव ही तेथे मालकीची खूण नव्हती, कुळाची होती.

नव्या कराराची बाब थोडी निराळी आहे, कारण तेथे काळ जवळचा व अंतर कमी. चार शुभवर्तमानांच्या मजकुरात लेखकाचे नाव कोठेही नाही. मत्तय, मार्क, लूक, योहान ही नावे त्यांना दुसऱ्या शतकात चिकटली. लूक तर प्रारंभीच मान्य करतो की आपल्यापूर्वी अनेकांनी हा वृत्तान्त लिहावयास घेतला होता. पौलाच्या नावावरील तेरा पत्रांपैकी सात निर्विवाद त्याची समजतात. त्यांपैकी रोमकरांस लिहिलेल्या पत्रात अखेरीस लेखनिक तर्तिय मध्येच आपला नमस्कार सांगून जातो. ज्ञानेश्वरीच्या शेवटी सच्चिदानंदबाबांचे नाव येते त्याची येथे आठवण व्हावी. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता देवालाच ठाऊक, असे तिसऱ्या शतकातील ओरिजेन म्हणून गेला, आणि त्यापुढे कोणाची मजल गेलेली नाही. सत्तावीस पुस्तकांची आजची यादी प्रथम मिळते ती 367 सालच्या अथानासियसच्या पत्रात. याद्या ठरल्या की कुंपणेही येतात. प्रकटीकरणाच्या शेवटी भर घालणाऱ्यास जी धमकी आहे आणि शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केल्यावर एकनाथांनी जी ताकीद दिली, त्यांचा स्वभाव एकच.

असा विच्छेद केल्यावर ग्रंथाचे उरते काय, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचे उत्तर पुण्यातच शोधावयास हवे. भांडारकर संस्थेच्या महाभारताचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर बर्लिनला ल्यूडर्सच्या हाताखाली शिकलेले. जर्मन पाठचिकित्सेची शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली. भारतकथेवर भृगुकुळाने चढविलेला थर त्यांनी दाखवून दिला तेव्हा त्यांच्या हाती जवळजवळ वेलहाउझेनचेच हत्यार होते. पण त्याच सुकथनकरांनी, मृत्यूनंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, महाभारताचे तुकडे करून ‘मूळ’ शोधणाऱ्यांची खिल्ली उडविली आणि जसा आहे तसा ग्रंथ अर्थपूर्ण मानावा असे आग्रहाने सांगितले. बायबलच्या अभ्यासात ब्रेव्हार्ड चाइल्ड्स व रॉबर्ट ऑल्टर यांनी हे वळण घेतले ते 1980 च्या आसपास. थर ओळखणे आणि थरांनी झालेली वस्तू एक म्हणून वाचणे, ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत. मात्र पहिले चुकविणाऱ्याला दुसऱ्याचा अधिकार नाही. सश्रद्ध वाचनाची उणीव येथेच आहे. एकतेचा दावा ते फुकट करते.

राहिला दुसरा प्रश्न, मराठी शब्दांचा. 1616 साली राचोलला ‘ख्रिस्तपुराण’ छापणाऱ्या फादर स्टीफन्सने बायबलची कथा ओवीत सांगताना ‘पुराण’ हे नाव निवडले, यात त्याची जाण दिसते. व्यासांखेरीज कर्ता नसलेला हा प्रकार. गद्य भाषांतराचा इतिहास सेरामपूरपासून सुरू होतो. कॅरीने महाराष्ट्र कधी पाहिला नाही. त्याचे मराठी होते ते वैजनाथ पंडितांचे. 1811 साली निघालेल्या नव्या करारात कोणते वाक्य कोणाचे हे आज सांगता येत नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशनने 1826 मध्ये स्वतंत्र नवा करार व 1847 पर्यंत संपूर्ण बायबल सिद्ध केले. त्यामागेही एतद्देशीय पंडित होतेच, आणि त्यांची नावे वैजनाथांइतकीही कानी येत नाहीत. याउलट पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून, साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत, एकटीच्या जबाबदारीवर सारा ग्रंथ उतरविला. त्या 5 एप्रिल 1922 रोजी निवर्तल्या आणि पुस्तक 1924 साली बाहेर पडले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ही त्यांच्या नावानेच ओळखले जाते, 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला. ही दोन नावाची पुस्तके. बंगळूरची प्रत मात्र बिननावाची, आणि अधिक घरांत वाचली जाते ती तीच.

त्या बिननावीपणाला प्राचीन अनामिकतेची प्रतिष्ठा देण्याचा मोह होतो, परंतु तो आवरला पाहिजे. दुसऱ्या यशयाने आपले नाव स्वतः लपविले. वैजनाथ पंडितांचे व मुंबईच्या पंडितांचे इतरांनी लिहिले नाही. एक परंपरेत विरून जाणे होते, दुसरा हिशेबातील वगळ. बारूखाचे नाव ज्याच्यासाठी त्याने लिहिले त्याच्या पुस्तकात आहे, तर्तियाचे पौलाच्या पत्रात आहे. पुढील आवृत्तीच्या वेळी बंगळूरच्या प्रतीत आरंभीच्या कोऱ्या पानावर वैजनाथ पंडितांसाठी एक ओळ सहज मावेल.